सोबत मागणारं संगीत

आमच्या नागपूरच्या घरात दिवेलागणीला मारवा लागायचा. बाबांकडे अमीर खाँसाहेबांची कॅसेट होती. बँकेतून आले, चहा झाला, की ते ती लावून अंगणाकडे तोंड करून बसत. आजी देवाजवळ दिवा लावता लावता म्हणायची, "तिन्हीसांजेला असं काय रे रडवं लावतोस?" बाबा आवाज थोडा बारीक करत, पण बंद करत नसत. पंचम वर्ज्य असलेला आणि षड्जावर विसावणं जमेल तितकं लांबवणारा हा राग आहे, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा इतकंच जाणवायचं की गाणाऱ्याला कुठेतरी पोहोचायचं आहे आणि तो मुद्दाम पोहोचत नाही. बाबांना मॉरिस कॉलेजात कवी ग्रेस शिकवायला होते. १९६७ साली आलेल्या 'संध्याकाळच्या कविता' त्यांच्या उशाशी असायच्या. त्यामुळे उदास गोष्ट सुंदर असू शकते, हे आमच्या घरात कुणाला पटवून द्यावं लागलं नाही.

त्याच १९६७च्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये, किंग्स्टन अपॉन टेम्स इथे, स्टीव्हन विल्सन जन्मला. त्याचं संगीत मला भेटलं ते पुण्यात, इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर. माझ्या रूममेटच्या हार्ड डिस्कवर पॉर्क्युपाइन ट्री या त्याच्या बँडचा 'फीअर ऑफ अ ब्लँक प्लॅनेट' हा २००७चा अल्बम होता. पडदे ओढलेल्या खोलीत स्क्रीनसमोर बसून राहणारा, गोळ्यांनी बधिर झालेला, कशाचंच काही न वाटणारा एक पोरगा त्या गाण्यांतून बोलतो. मधलं एक गाणं तर सतरा मिनिटांहून मोठं आहे. खालून घुमत राहणारा कीबोर्ड, त्यावर जवळजवळ कुजबुजल्यासारखा आवाज, मग एकाएकी अंगावर येणारी गिटारची भिंत, आणि ती ओसरल्यावर उरलेली मोकळी, ओली जागा. परीक्षेच्या आदल्या रात्री मेसचे दिवे विझल्यावर मी ते ऐकलं आणि गाणारा शेवटपर्यंत आवाज चढवत नाही याने मला पकडलं. दुःख ओरडून सांगायचं नसतं, हे मला मारव्याने आधीच शिकवलेलं होतं.

मग मी या माणसाच्या मागे लागले. त्याच्या घरातली एक गोष्ट मला फार आवडते. तो आठेक वर्षांचा असताना नाताळात आईने वडिलांना पिंक फ्लॉइडची 'द डार्क साइड ऑफ द मून' ही रेकॉर्ड भेट दिली आणि वडिलांनी आईला डॉना समरची 'लव्ह टु लव्ह यू बेबी'. दोन्ही घरात सतत वाजायच्या आणि पोरगा ऐकायचा. एकीत अंधार आणि अवकाश, दुसरीत तालाची न थांबणारी धुंदी. पुढे त्याने जे केलं त्यात दोन्ही आहेत. वडील इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर. त्यांनी मुलाला घरीच अनेक ट्रॅकचं रेकॉर्डिंग करता येईल असं टेपयंत्र बनवून दिलं. हेमेल हेम्पस्टेडच्या घरातल्या त्याच्या खोलीचा पुढे स्टुडिओ झाला. एक सूर टेपवर घ्यायचा, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, असं करत एकट्याने अख्खा बँड उभा करायचा, हे तो त्या वयात शिकला.

आणि बँड त्याने खरोखरच कल्पनेतून उभा केला. १९८७च्या सुमाराला तो आणि त्याचा एक मित्र यांनी पॉर्क्युपाइन ट्री नावाचा बँड रचला. त्यातल्या वादकांना विचित्र नावं दिली, बँडला जुना इतिहास दिला, न निघालेल्या रेकॉर्डची यादी दिली. सुरुवात गंमत म्हणून झाली, पण संगीत खरं होतं, आणि ते जवळजवळ सगळं विल्सन एकटा वाजवत होता. ढोलाचा ठेका यंत्राचा, बाकी गिटार, कीबोर्ड, आवाज त्याचा. १९८९ साली निघालेल्या पहिल्या कॅसेटसोबत या काल्पनिक वादकांची माहिती देणारी पुस्तिकाही होती. लोकांना गाणी इतकी आवडली की १९९३च्या डिसेंबरात त्याला खरे वादक गोळा करून रंगमंचावर उभं राहावं लागलं.

ही हकिकत बहुतेक लोक किस्सा म्हणून सांगतात. मला मात्र त्यात त्याच्या सगळ्या कामाचं मूळ दिसतं. एका खोलीत एकटा बसलेला मुलगा आधी सोबती कल्पितो आणि मग त्यांच्या वतीने वाजवतो. उदास, धुक्यात बुडालेलं रॉक एकट्याने करणाऱ्या कलावंतांबद्दल आपला समज असतो की त्यांना माणसं नको असतात. मी जितकं ऐकत गेले तितकी माझी खात्री उलट होत गेली. या संगीताला माणसांची इतकी ओढ असते की माणसं नसतील तर ते ती घडवतं.

२००९च्या डिसेंबरात पॉर्क्युपाइन ट्री पवईला, आयआयटीच्या मूड इंडिगो या महोत्सवात वाजवायला आले. आम्ही पुण्याहून रेल्वेने गेलो. इतकी वर्षं हेडफोनमध्ये, म्हणजे स्वतःच्या कवटीच्या आत ऐकलेलं गाणं भोवतीच्या हजारो पोरापोरींना शब्दन् शब्द पाठ आहे हे कळण्याचा धक्का मोठा होता. अनवाणी, बारीक, चष्मा लावलेला, केस चेहऱ्यावर आलेला तो माणूस फारसा बोलत नव्हता. शेजारच्या अनोळखी मुलीने एका संथ जागी माझा हात धरला आणि गाणं संपल्यावर सोडला. आम्ही एकमेकींचं नावही विचारलं नाही.

तोवर विल्सनने स्वतःच्या नावाने काम सुरू केलं होतं. 'इन्सर्जेंतेस' हा पहिला एकल अल्बम २००८चा. मेक्सिको सिटीतल्या एका लांबच लांब रस्त्याचं नाव त्याला आहे. त्याच नावाच्या माहितीपटात तो आयपॉड फोडताना, जाळताना दिसतो. अल्बम ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायची एक सलग गोष्ट आहे असं तो मानतो आणि तिचे तुकडे करून ऐकणं त्याला सहन होत नाही. मला हे लगेच पटलं. ख्यालातली फक्त द्रुत बंदिश ऐकून उठलेल्याला राग भेटलेला नसतो.

२०१३ साल आमच्या घरात बाबांच्या जाण्याचं साल आहे. मी तेव्हा बंगळुरूला नोकरीला होते. तेरावा आटोपून परत गेले आणि रात्रीची झोप गेली. त्याच वर्षी विल्सनचा 'द रेव्हन दॅट रिफ्यूज्ड टु सिंग' आला होता. शीर्षकगीतात एक म्हातारा आहे. त्याची मोठी बहीण लहानपणीच गेली. ती त्याला भीती वाटली की गाऊन दाखवायची. आता स्वतःचं मरण जवळ आलेलं असताना बागेत येणारा डोमकावळा म्हणजे आपली बहीणच, असं त्याला वाटू लागतं, आणि तो त्या पक्ष्याला गा म्हणून विनवतो. पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहत घाटावर उभ्या राहिलेल्या आमच्यासारख्यांना ही गोष्ट परकी वाटेल कशी? इंग्लंडातल्या माणसाने भुतांच्या जुन्या गोष्टी डोळ्यांपुढे ठेवून ती रचली, मला मात्र ती दशक्रियेच्या दिवशीचीच वाटली.

त्या गाण्यात पियानोचे मोजके सूर संथपणे पुन्हा पुन्हा येतात आणि त्यामागून मेलोट्रॉन उसासतो. मेलोट्रॉन हे जुनं वाद्य आहे. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत असते आणि त्या फितीवर खऱ्या व्हायोलिनचा, बासरीचा किंवा गायकवृंदाचा एकेक सूर आधी मुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की तो सूर वाजतो, पण आठेक सेकंदच. मग फीत संपते. फितीवरचा तो सूर किंचित थरथरतो. कधीकाळी कुणीतरी वाजवलेला तो श्वास आपण आज उसना घेत असतो. या अल्बममध्ये तर किंग क्रिम्झन या बँडचंच जुनं मेलोट्रॉन वापरलं आहे. आणि ध्वनिमुद्रणाला ॲलन पार्सन्स होते, ज्यांनी १९७३च्या 'डार्क साइड ऑफ द मून'चं ध्वनिमुद्रण केलं होतं. वडिलांच्या रेकॉर्डमधून लहानपणी ऐकलेला आवाज ज्याने टिपला, त्याच माणसाला विल्सनने आपल्या अल्बमसाठी बोलावलं. एकल कलावंत म्हणायचं, पण गिटारला गथ्री गोवन, बासला निक बेग्ज, ड्रमवर मार्को मिनेमान, कीबोर्डला माइल्स डेव्हिससोबत वाजवलेले ॲडम होल्झमन असे एकाहून एक सरस वादक त्याने भोवती जमवले. पोरवयात कल्पिलेले सोबती आता खरे होते.

दोन वर्षांनी, २०१५च्या फेब्रुवारीत, 'हँड. कॅनॉट. इरेज.' आला. त्यामागची घटना खरी आहे. जॉइस व्हिन्सेंट ही अडतीस वर्षांची बाई लंडनच्या वुड ग्रीन भागात एका बाजारसंकुलावरच्या छोट्या घरात राहत होती. २००३च्या अखेरीस ती तिथे मरण पावली आणि २००६च्या जानेवारीत सापडली. दोन वर्षांहून अधिक काळ कुणीच दार ठोठावलं नाही. आत टीव्ही चालू होता. जवळ नाताळच्या भेटी होत्या, कागदात गुंडाळलेल्या. ती देखणी होती, बोलकी होती, नोकरी केलेली होती, तिला बहिणी होत्या, मित्रमंडळी होती. कॅरल मॉर्ली यांनी २०११ मध्ये तिच्यावर 'ड्रीम्स ऑफ अ लाइफ' हा चित्रपट केला, तो विल्सनने पाहिला आणि ही बाई त्याच्या मनातून जाईना.

त्याने तिची कहाणी जशीच्या तशी गायली नाही. तिच्या जागी आपली एक स्त्री कल्पिली आणि सगळा अल्बम तिच्या डोळ्यांनी पाहिला. मोठ्या आवृत्तीत तर तिच्या डायऱ्या, कात्रणं, कागदपत्रंही रचून ठेवली. गर्दीच्या शहरात माणूस हळूहळू कसा दिसेनासा होतो, हे ती गाणी पायरीपायरीने दाखवतात. काही महिने आपल्याकडे राहून गेलेल्या मुलीची आठवण, मग कामाचा रगाडा, मग दार लावून घेणं, आणि शेवटी भावाला लिहायला घेतलेलं पत्र, जे तिच्याच्याने पुरं होत नाही.

मी ते बंगळुरूच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये ऐकलं. समोरच्या दारावर कुणाच्या नावाची पाटी आहे, हे मला सांगता आलं नसतं. आईला रोज फोन होता, म्हणून माझी चौकशी करणारं एक तरी माणूस होतं. नसता तर? त्या रात्री मी अल्बम पुरता ऐकला, सकाळी समोरची बेल वाजवली आणि विरजण मागितलं. दार उघडलेल्या काकूंनी विरजणासोबत नाव, गाव, लग्न, पगार सगळं विचारून घेतलं. मला ते सगळं हवंच होतं.

२०१६च्या डिसेंबरात विल्सन पुण्याच्या एनएच७ वीकेंडर या संगीत महोत्सवात आला. मी बंगळुरूहून आले. जिथे हे संगीत पहिल्यांदा ऐकलं त्याच गावात, उघड्यावर, थंडीत तो वाजवत होता. होस्टेलची ती रूममेट आता एका मुलीची आई होती आणि माझ्या खांद्याला खांदा लावून उभी होती. आम्ही दोघीही रडलो आणि दोघींनाही बरं वाटलं. उदास गाण्यांनी आपल्याला आनंद होतो, कारण आपल्याला वाटतं तेच दुसऱ्या कुणाला वाटलेलं असतं, अशा अर्थाचं तो मुलाखतींतून वारंवार सांगत आला आहे. त्या मैदानावर याची वेगळी साक्ष काढायची गरज नव्हती.

आता मी नागपूरला आईसोबत असते. 'हँड. कॅनॉट. इरेज.'मध्ये 'रुटीन' नावाचं गाणं आहे. घरातली माणसं गमावलेली एक बाई धुणं, भांडी, स्वयंपाक, त्यांचे कपडे नीट घडी करून ठेवणं या रोजच्या कामांना धरून राहते. निनेट तायेब या गायिकेचा आवाज त्यात शेवटी असा फुटतो की ऐकताना छातीत कळ येते. बाबा गेल्यावर आईने कितीतरी महिने त्यांचे सदरे दर रविवारी इस्त्री केले. मी तिला हे गाणं ऐकवलं, इंग्रजी शब्दांचा अर्थ सांगत. ती म्हणाली, "त्या माणसाला बायकांचं बरोबर कळतं गं." मग तिने पुन्हा लावायला सांगितलं. आजवर झालेल्या कोणत्याही समीक्षेपेक्षा मला हा अभिप्राय मोठा वाटतो.

सतत हसरं, नाचरं काही लावून मन रमवा, असा सल्ला दुःखातल्या माणसाला सगळे देतात. माझा अनुभव वेगळा आहे. आनंदी गाणी चालू असताना दुःखी माणूस खोलीत एकटा उरतो. काळोख्या गाण्यात त्याला जागा मिळते. म्हणून तुमच्या घरातलं कुणी, विशेषतः तरुण पोरगं, दार लावून असलं काही ऐकत असेल तर आधी बंद कर म्हणू नका. आत जा, बसा, काय ऐकतोस ते मलाही ऐकव म्हणा. आणि 'हँड. कॅनॉट. इरेज.' तुम्ही ऐकलेला नसेल तर एका बैठकीत पूर्ण ऐका. तासाभराहून थोडाच मोठा आहे. तो संपला की ज्या माणसाची बऱ्याच दिवसांत काही खबर नाही, त्याच्या घरी जाऊन या.