नागदेवीतलं नवं की चोर बाजारातलं जुनं?

मुंबईत मस्जिद स्टेशनला उतरून पश्चिमेकडे बाहेर पडा. थोडं चाललात की नागदेवी स्ट्रीट लागते. अरुंद रस्ता, हातगाड्या, डोक्यावर खोकी घेतलेले हमाल आणि दोन्ही बाजूंना बेअरिंग, पाने, नट-बोल्ट, ड्रिल मशीन, ग्राइंडर यांची दुकानं. आता तिथून मोहम्मद अली रोडवर या आणि उड्डाणपुलाच्या सावलीतून उत्तरेकडे निघा. मिनारा मशीद मागे पडते, भेंडी बाजार येतो आणि पलीकडे चोर बाजार सुरू होतो. नागदेवीत जे ड्रिल मशीन खोक्यात बंद होतं, तसंच मशीन इथे उघडं ठेवलेलं दिसतं आणि किंमतही बरीच उतरलेली असते.

चोर बाजारातली मटण स्ट्रीट जुन्या वस्तूंसाठी प्रसिद्ध आहे. पर्यटक तिथे ग्रामोफोन आणि झुंबरं बघत थांबतात. पण आजूबाजूच्या गल्ल्यांत आणि दो टाकीच्या बाजूला सुतार, फॅब्रिकेशनवाले, प्लंबर यांची वेगळीच गर्दी असते. शुक्रवारी इथे पहाटेपासून रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. नुकतंच स्वतःचं काम सुरू करणाऱ्या मुलाला इथे वाचलेले दोन हजार रुपये फार मोठे असतात. पण गिऱ्हाइकाच्या घरी अर्ध्या कामात मशीन जळलं, तर पैसे जातात आणि नावही जातं. म्हणून घाई करू नका.

‘रिकंडिशन्ड’ म्हणजे नेमकं काय?

या एका शब्दात तीन वेगळे माल विकले जातात. पहिला, कंपनीने किंवा तिच्या अधिकृत केंद्राने तपासून वॉरंटीसह विकलेला. दुसरा, बाजारातल्या मिस्त्रीने खोलून, कार्बन आणि बेअरिंग बदलून, गरज असेल तर आर्मेचरचं वायंडिंग नव्याने करून तयार केलेला. तिसरा, फक्त पुसून रंग मारलेला. बाहेरून तिन्ही सारखेच चकचकीत दिसतात. फरक आत असतो, म्हणून पहिलं वाक्य एकच: “भाई, जरा खोल के दिखाओ.” जो विक्रेता स्क्रू काढायला तयार होत नाही, त्याला नमस्कार करून पुढे व्हा.

दुकानात उभं राहून काय बघाल?

आधी वास घ्या. आतल्या तांब्याच्या तारांवरचं वार्निश जळलं असेल, तर तो कडवट वास रंगाने झाकला जात नाही. मग कार्बन बघा. हे झिजण्यासाठीच बनवलेले असतात आणि स्वस्तात बदलता येतात, त्यामुळे झिजलेले असले तरी बिघडत नाही. पण ते ज्या तांब्याच्या गोलावर घासतात, तो खाचा पडलेला किंवा काळवंडलेला असेल, तर खर्च मोठा आहे.

नंतर मशीन सुरू करा. कार्बनपाशी बारीक निळसर ठिणग्या दिसणं चालतं. गोलाभोवती आगीचं कडं फिरत असेल तर नको. बंद करून प्लग काढा आणि पुढचा दांडा हाताने हलवून बघा. तो लडबडत असेल, तर बेअरिंग गेली आहेत. शक्य असेल तर लाकडात किंवा विटेत दोन-चार भोकं पाडून बघा, कारण नुसतं हवेत फिरणारं मशीन सगळ्यांचंच छान फिरतं.

अंगावरची पट्टी वाचायला विसरू नका. परदेशातून आलेल्या जुन्या मशीनवर कधी 100 किंवा 110 व्होल्ट लिहिलेलं असतं. आपल्या घरात 230 व्होल्ट असतात. असं मशीन थेट लावलं की जळतं आणि वेगळा ट्रान्सफॉर्मर घेतला की स्वस्ताई संपते. पट्टीवरचा नंबर खरवडलेला असेल, तर कितीही कमी भावात मिळालं तरी घेऊ नका, आणि कुठेही घ्या, बिल मागा.

इथे मात्र नाहीच म्हणा

गार्ड नसलेला ग्राइंडर घेऊ नका. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो. म्हणजे चकतीची कड ताशी 200 किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते. ती फुटली तर तुकडा आणि तुमचा चेहरा यांच्यामध्ये तो गार्डच असतो. चकतीही नेहमी नवीच घ्या. तिच्या कड्यावर वापराची मुदत छापलेली असते.

बॅटरीवरच्या जुन्या मशीनपासूनही जपून राहा. लिथियमची बॅटरी वापरली नाही तरी वयाने उतरते आणि तिचं आतलं आरोग्य डोळ्यांना दिसत नाही. नव्या बॅटरीची किंमत आधी विचारा. बऱ्याचदा नवं मशीनच परवडतं.

शेवटी हिशोब अंतराचा

समजा, नवं मशीन चार हजारांना आणि रिकंडिशन्ड अडीच हजारांना मिळतं. वाचले दीड हजार. तुम्ही दादर किंवा कुर्ल्याला राहत असाल, तर बिघडलेलं मशीन घेऊन त्याच मिस्त्रीकडे परत जाता येतं आणि तो व्यवहार फायद्याचा ठरतो. पण तुम्ही इंदूर किंवा बेळगावहून मुंबई फिरायला आला असाल, तर घरी गेल्यावर ते मशीन कोण उघडणार? एका फेरीच्या भाड्यातच वाचलेला बराचसा पैसा जातो. जुन्या मशीनची खरी वॉरंटी म्हणजे ते बांधणारा हात, आणि तो हात तुमच्यापासून किती लांब आहे, यावर किंमत ठरते.

म्हणून आपल्याच गावातला असा बाजार आधी शोधा. पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे, बेंगळुरूत चिकपेटकडचा रविवारचा बाजार आहे, सिकंदराबादेत राणीगंज आहे. रोज काम असेल आणि मिस्त्री जवळ असेल, तर दणकट बांध्याचं, तारेवर चालणारं रिकंडिशन्ड मशीन खुशाल घ्या. मिस्त्री लांब असेल तर नवंच बरं. आणि वर्षातून चार भोकंच पाडायची असतील, तर दोन्ही बाजारांत नुसतं फिरून या आणि मशीन एका दिवसासाठी भाड्याने आणा.