दौलताबादचे किल्लेदार आणि नाथांची सही

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला जाताना मंडळी दौलताबादला थांबतात ती चांदमिनार नि तोफा पाहायला. शहरापासून किल्ला जेमतेम पंधरा किलोमीटर. खंदक ओलांडला की पुढं अंधारी लागते. कातळात खोदलेली वळणावळणाची वाट, आत वटवाघळं. मुलांचा हात घट्ट धरावा, बॅटरी नि पाणी जवळ ठेवावं आणि चढण सकाळीच उरकावी. पण अंधारी संपली म्हणून परत फिरू नका. वर जनार्दनस्वामींचं स्थान आहे.

जनार्दनस्वामी (१५०४–१५७५) मूळचे चाळीसगावचे देशपांडे आणि निजामशाहीत या किल्ल्याचे किल्लेदार. मठ नाही, भगवी वस्त्रं नाहीत. शिबंदी, दारूगोळा, हिशेब हाच रोजचा व्याप. त्यांच्याकडे पैठणहून आईबापाविना वाढलेला एकनाथ आला. किल्लेदारांनी त्याला ठेवून घेतलं, शिकवलं, हिशेबाच्या वह्याही सोपवल्या. एका पैची चूक शोधायला तो रात्रभर जागला आणि सापडताच आनंदानं टाळी वाजवली, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकली आहे.

पुढं स्वामींनीच नाथांना संसार मांडायला सांगितलं, असं परंपरा सांगते. म्हणूनच पैठणच्या वाड्यात गिरिजाबाई आल्या. नाथांच्या दारात वेळीअवेळी येणाऱ्यांना पानं वाढली जात, ती त्यांच्याच भरवशावर ना!

या उपकाराची फेड नाथांनी कशी केली? आपलं नाव एकटं कधी ठेवलंच नाही. अभंगाअभंगाच्या शेवटी सही एकच, 'एका जनार्दनी'. फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला लाखो वारकरी लोटतात. ती तिथी नाथ स्वतः गुरूंची पुण्यतिथी म्हणून पाळत. १५९९ साली त्याच तिथीला त्यांनी गोदावरीत देह ठेवला.

मैत्रिणींनो, कीर्तनकाराला हार पडतात. त्याची राहण्याजेवण्याची सोय पाहणारा मागंच राहतो. माझं बी.ए. लग्नानंतर पुरं झालं, कारण सासूबाई बाळाला सांभाळत होत्या. पदवीच्या कागदावर त्यांचं नाव नाही. शाळेत कुणी माझ्या शिकवण्याचं कौतुक केलं, तर आता मी ते नाव आधी घेते. तुम्हीही आपापल्या घरातला असा किल्लेदार आठवून पाहा, आणि तो ऐकू शकतोय तोवरच त्याला सांगा.