ओसरीवरची दुपार

२०२० सालचा गुढीपाडवा मी कधीही विसरणार नाही. त्या वर्षी पाडवा २५ मार्च रोजी आला आणि करोनाच्या साथीमुळे त्याच दिवसापासून साऱ्या देशात टाळेबंदी सुरू झाली. दारोदारी गुढ्या उभ्या राहिल्या. परंतु त्या पाहण्यास रस्त्यावर माणूस नव्हता.

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगराळ भागात आमचे लहानसे गाव आहे. पाऊस बेताचा आणि जमीन हलकी. म्हणून दिवाळीच्या सुमारास गावातील कितीतरी घरांना कुलपे लागतात. नवरा-बायको मुकादमाकडून उचल घेतात आणि टोळीबरोबर ऊसतोडीसाठी दूर साखर कारखान्यांकडे जातात. अशा जोडप्याला तिकडे ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसे, पण हिशेबात कोयता एकच! मागे उरतात ती म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले. पाडव्याच्या मागेपुढे ही मंडळी परतू लागतात. त्या वर्षी मात्र वाटा बंद झाल्या. कारखाने चालू होते, तोड चालू होती. गावाकडे येण्याची सोय तेवढी नव्हती.

आमच्या शेजारी पाचवीत शिकणारा एक मुलगा आपल्या आजीजवळ राहत असे. रोज सकाळी कुंपणापलीकडून तो मला विचारी, “गुरुजी, आता किती दिवस राहिले?” मी काहीतरी उत्तर देई. ते उत्तर मलाच खरे वाटत नसे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातील एक दुपार होती. लिंबाचे पानही हलत नव्हते. मुलाचे मन रमावे म्हणून मी दूरचित्रवाणीचा संच दाराशी ओढला. आजी आणि नातू ओसरीच्या एका टोकाला बसले, मी दुसऱ्या टोकाला. माझ्या संग्रही एका जुन्या चित्रपटाची तबकडी होती. तो चित्रपट म्हणजे ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. पुढे आचार्य अत्रे यांनी त्यावर १९५३ साली चित्रपट काढला आणि त्याला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. स्वतः भिंतींच्या आत कोंडलेल्या माणसाने आईची आठवण जागवली होती. आमच्या बंद घरांत ती आठवण आज पुन्हा उजळावी, असे मला वाटले.

चित्र काळेपांढरे होते, तरी मुलगा लवकरच त्यात रंगून गेला. आंघोळ झालेल्या श्यामचे ओले तळवे मातीने मळू नयेत म्हणून आई आपले लुगडे पसरते आणि पायांना जपतोस तसे मनालाही जप, असे सांगते. ते पाहताना त्याने नकळत आपले धुळीचे पाय मागे घेतले.

चित्रपट जसजसा पुढे सरकू लागला, तसतसा मी अस्वस्थ झालो. मला शेवट ठाऊक होता. त्याला ठाऊक नव्हता. श्याम शिक्षणासाठी दूर आहे, इकडे आई अंथरुणाला खिळली आहे, आणि मायलेकरांची शेवटची भेट होणार नाही. ज्याची आई परमुलखात अडकली आहे, त्याला मी हे काय दाखवत होतो! मी संच बंद करण्यासाठी उठलो. तेवढ्यात आजी म्हणाली, “राहू द्या गुरुजी, बघू द्या त्याला. रडलं तर रडंल. मन तरी मोकळं हुईल.”

चित्रपट संपला. मुलगा रडला नाही. बराच वेळ तो गप्प बसून राहिला. मग त्याने विचारले, “गुरुजी, तेव्हा फोन नव्हते का?”

मी उत्तर दिले नाही. खिशातून फोन काढला आणि त्याच्या आईचा नंबर लावला. फडातील काम नुकतेच आटोपले असावे. पलीकडून आवाज येताच मुलगा उठून उभा राहिला. मला वाटले, तो आता ‘कधी येशील?’ असेच विचारील. परंतु तो म्हणाला, “आई, मोळी उचलताना तुझी मान दुखते का गं?”

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. इतक्या महिन्यांत तिला हा प्रश्न बहुधा कोणी विचारलाच नव्हता.

एप्रिलच्या मध्यावर शासनाने आरोग्य तपासणी करून ऊसतोड कामगारांना गावी परतण्याची परवानगी दिली. आमच्या गावची टोळी आली, पण खबरदारी म्हणून तिला काही दिवस शाळेतच ठेवले. मोठी गंमत झाली! आई शाळेत आणि मुलगा शाळेबाहेर! तो रोज सकाळी आजीने केलेल्या भाकरी फाटकाशी ठेवी व मागे सरून लिंबाखाली उभा राही. आई येऊन भाकरी घेई. मधल्या दहा पावलांवरून दोघे बोलत राहत.

मुलांनो, श्यामला आपल्या आईजवळ वेळेवर पोहोचता आले नाही. ते दुःख साने गुरुजींनी जन्मभर जपले. आपल्याला मात्र आपले माणूस केव्हाही हाक मारून गाठता येते. असे असूनही त्याची मान दुखते काय, हे आपण कितीदा विचारतो? त्या दुपारी मी त्या मुलाला चित्रपट दाखवला खरा. पण तो पाहावा कसा, हे त्यानेच मला शिकवले.