जिऱ्याच्या बेटाशेजारी पोहताना

माल्टाहून परत आले, आणि नात्यातल्या बायकांनी मला तीनच प्रश्न विचारले. घातलंस काय? खाल्लंस काय? आणि भीती नाही वाटली? लेकीने समुद्रात पोहतानाचा माझा एक फोटो घरच्या ग्रुपवर टाकला होता, त्याचा हा परिणाम. प्रश्न साधे आहेत, पण खरे आहेत. म्हणून त्यांची उत्तरं एकदाची लिहूनच टाकते.

आधी थोडी पार्श्वभूमी. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावातले. आमच्या घरात समुद्र यायचा तो पुरुषांबरोबर. अब्बा आणि चुलते जहाजावर होते. त्यांच्याकडून मनीऑर्डर यायची, पत्रं यायची, दीड-दोन वर्षांनी एक पत्र्याची ट्रंक यायची. समुद्र म्हणजे नोकरी, समुद्र म्हणजे वाट बघणं. मजेसाठी कुणी समुद्रावर जातं, हे आम्हाला माहीतच नव्हतं. भाऊ कमरेला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकले. आम्ही बहिणी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचो. मी पोहायला शिकले ती वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, पुण्यात, एका तलावातल्या बायकांच्या बॅचला.

लेक माल्टात एका इस्पितळात नर्स आहे. माल्टा हा भूमध्य समुद्रातला, सिसिलीच्या खाली असलेला छोटासा देश. क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बृहन्मुंबईच्या साधारण निम्मं. सप्टेंबरात मी तिच्याकडे गेले, तेव्हा तिने सुट्टीच्या दिवशी कॅटामरानची दिवसभराची सफर ठरवली होती. सकाळी स्लिमाच्या धक्क्यावरून निघायचं, बेटाच्या किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला जायचं, कोमिनोजवळ नांगर टाकून पोहायचं आणि संध्याकाळी परत.

कॅटामरान हा शब्द मूळचा तमिळ. कट्टुमरम, म्हणजे एकत्र बांधलेली लाकडं. आपल्याच देशाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या ओंडक्यांच्या तराफ्याचं नाव युरोपात जाऊन पांढऱ्याशुभ्र बोटीला चिकटलं. या बोटीला एकाऐवजी दोन पोटं असतात. दोन लांबट होड्या दूर दूर ठेवून वर एकच सलग मजला बांधल्यासारखी तिची रचना. पुढच्या बाजूला दोन पोटांमध्ये जाड जाळी ताणलेली असते. तिच्यावर आडवं पडलं की खालून पाणी धावताना दिसतं आणि मधूनच एखादी लाट पाठीला गार चापटी मारून जाते. बंदराबाहेर आल्यावर तांडेलाने इंजिन बंद केलं आणि शीड चढवलं. इंजिनाची घरघर थांबल्यावर मला पहिल्यांदा पाण्याचा आवाज ऐकू आला.

आता पहिला प्रश्न. घातलं काय? बुर्किनी घातली. डोक्यापासून घोट्यापर्यंत अंग झाकणारा, पाण्यात जड न होणारा पोहण्याचा पोशाख. अहेदा झनेटी या लेबनानी वंशाच्या ऑस्ट्रेलियन बाईंनी तो २००४मध्ये तयार केला. मुस्लिम मुलींना खेळता-पोहता यावं, एवढाच त्यांचा हेतू. २०१६च्या उन्हाळ्यात याच समुद्राच्या फ्रान्सकडच्या काठावर काही नगरपालिकांनी या पोशाखावर बंदी घातली. त्यातल्या एका गावाची बंदी त्याच ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने स्थगित केली. बाईने काय घालावं हे एकीकडे मौलवी सांगणार, दुसरीकडे महापौर सांगणार, आणि बाई मात्र कोरडीच राहणार.

आमच्या बोटीवर कुणी काही बोललं नाही. कमी कपड्यातल्या मुली होत्या, पोट सुटलेले काका होते. एक सत्तरीच्या गोऱ्या बाई होत्या. त्यांनी लांब बाह्यांचा पोहायचा सदरा आणि खाली घोट्यापर्यंत घट्ट विजार घातली होती. उन्हाने कातडीला त्रास होतो, डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणाल्या. त्यांच्या आणि माझ्या कपड्यात फरक होता तो फक्त डोक्यावरच्या वीतभर कापडाचा. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो आणि शेजारी शेजारी बसलो.

दुसरा प्रश्न, खाण्याचा. मला डुकराच्या मांसाची धास्ती होती, पण लेकीने आधीच सांगून ठेवलं होतं. दुपारी आम्हाला माल्टाचा पाव मिळाला. त्यावर टोमॅटो चोळलेला, ऑलिव्हचं तेल, ट्यूना मासा, ऑलिव्ह आणि केपर नावाच्या खारवलेल्या कळ्या. या खाण्याचं नाव ‘होब्झ बिझ-झेट’. होब्झ म्हणजे पाव, अरबीतला खुब्झ. झेट म्हणजे तेल, अरबीतला झैत. आपण झैतून म्हणतो, तेच ते.

मग मला नादच लागला. माल्टाची भाषा अरबीच्या पोटातून आलेली आहे. ८७०मध्ये अरबांनी हे बेट घेतलं, १०९१मध्ये नॉर्मन आले, आणि लोक पुढे कॅथलिक झाले, पण भाषा राहिली. लिपी मात्र रोमन. युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांत सामी कुळातली ही एकटीच. बोटीवरच्या पोराला मी एकेक शब्द विचारत गेले. समुद्र? बहार. सूर्य? शेम्श. रात्र? लेल. चंद्र? अमर, कारण क हा वर्ण ते घशातच गिळतात. लहानपणी मदरशात हलत हलत पाठ केलेल्या सूरांची नावं मला आठवली: शम्स, लैल, कमर. अर्थ न कळता पाठ केलेले ते शब्द हा मुलगा आईच्या दुधाबरोबर शिकला होता, आणि तो गळ्यात क्रूस घालून होता. हे लोक देवाला ‘अल्ला’च म्हणतात. ईस्टरआधीच्या त्यांच्या उपासाच्या काळाला ‘रंदान’ म्हणतात, आणि हा शब्द रमजानवरूनच आलेला आहे. शब्दांचा मालक कोण, यावरून आपल्याकडे किती डोकी फुटतात! तिथे भाषा आणि धर्म वेगवेगळ्या वाटांनी आले आणि एकाच घरात राहिले.

जिथे नांगर टाकला त्या कोमिनोला माल्टी नाव आहे केम्मूना. म्हणजे जिरं. जिऱ्याचं बेट. जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचं. त्याच्या आणि शेजारच्या छोट्या बेटाच्या मधल्या उथळ, निळ्या पाण्याला ब्लू लगून म्हणतात. तिथे इतकी झुंबड उडायची की २०२५पासून आधी नोंदणी करावी लागते. आमच्या तांडेलाने बोट थोडी लांब, वाळूचा तळ बघून उभी केली. त्या समुद्रात पॉसिडोनिया नावाचं गवत तळाशी वाढतं. त्यात मासे अंडी घालतात, आणि नांगराने ते एकदा उपटलं की परत वाढायला फार वर्षं लागतात. म्हणून वाळू बघायची.

आणि आता तिसरा प्रश्न. भीती वाटली का? वाटली. आपल्या कोकणात समुद्राची भीती आईच्या पोटातूनच मिळते. १७ जुलै १९४७ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळात उलटली आणि ६००हून अधिक माणसं गेली. आमच्या दादीच्या पिढीत ‘रामदासच्या आधी’ आणि ‘रामदासच्या नंतर’ अशी काळाची मोजणी असायची. तांडेलाने मला धीर देताना खरं तेच सांगितलं. दोन पोटांची बोट रुंद असते म्हणून सहसा कलत नाही, पण एकदा पूर्ण उलटली तर स्वतःहून सरळ होत नाही. एका पोटाच्या शिडाच्या बोटीला खाली जड कणा असतो, ती कलते आणि परत उठते. म्हणून वारा वाढायच्या आधीच शीड कमी करायचं. खोट्या दिलाशापेक्षा ही माहिती मला जास्त धीर देऊन गेली.

शिडीवरून उतरले. पाणी कोमट-गार होतं. खाली वाळूवर माझीच सावली हलताना दिसत होती. पुण्यातल्या तलावापेक्षा अंग हलकं वाटलं, कारण भूमध्य समुद्र जास्त खारा आहे. महासागराच्या एक लिटर पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम मीठ असतं, तिथे ३८च्या आसपास. नद्या आणि पाऊस जेवढं पाणी देतात त्याहून जास्त उन्हाने उडून जातं. मी पाठीवर झाले, कान पाण्यात बुडाले, आणि सगळे आवाज बंद झाले. कुणाची वाट बघायची नव्हती, कुणाचे कपडे सांभाळायचे नव्हते.

एवढं स्वच्छ पाणी बघून मला आधी आपल्या खाडीच्या गढूळ पाण्याची लाज वाटली. लेकीने सांगितलं ते ऐकून ती गेली. भूमध्य समुद्राचं पाणी निळं आहे कारण ते उपाशी आहे. त्यात माशांचं सूक्ष्म खाद्य कमी. आपल्याकडे नद्या गाळ आणतात, पावसाळी वारे किनाऱ्याजवळ खोलातलं सकस पाणी वर काढतात, म्हणून पाणी गढूळ, आणि म्हणूनच बांगडा आणि तारली. आपल्या गढूळ पाण्याने किती घरं जगवली आहेत.

जोहरची नमाज मी बोटीच्या मागच्या बाजूला बसूनच पढले. कोकणात किब्ला पश्चिमेला, म्हणजे थेट समुद्राकडे. आयुष्यभर समुद्राकडे तोंड करून सजदा केला. तिथे किब्ला पूर्वेकडे, किंचित दक्षिणेला कललेला. मी आता त्या पाण्याच्याही पलीकडे जाऊन उलट बाजूने बघत होते.

हे झाले तीन प्रश्न. चौथा मला कुणी विचारला नाही, पण तो परतीच्या वाटेवर माझ्या शेजारी येऊन बसला. सेंट पॉल नावाची छोटी बेटं लागली. बायबलच्या नव्या करारात हकिकत आहे की कैदी म्हणून रोमला नेला जाणारा पॉल ज्या जहाजावर होता, ते माल्टाला लागून फुटलं. जहाजावर २७६ माणसं. ज्यांना पोहता येत होतं त्यांना आधी उड्या मारायला सांगितलं, बाकीचे फळ्यांना धरून आले, आणि सगळे वाचले. बेटावरच्या लोकांनी पावसात भिजलेल्या त्या परक्यांसाठी शेकोटी पेटवली. माल्टात आजही १० फेब्रुवारीला त्या जहाजफुटीची सुट्टी असते.

आणि त्याच समुद्रात एप्रिल २०१५मध्ये लिबियाहून निघालेली एक बोट उलटून सुमारे ८०० माणसं बुडाली. त्यातले २४ मृतदेह माल्टाला आणले. बिशप आणि इमाम दोघांनी मिळून त्यांच्यासाठी दुआ केली. नावं माहीत नव्हती, धर्म माहीत नव्हता. जून २०१८मध्ये ६२९ माणसांना वाचवून आणणाऱ्या ‘अ‍ॅक्वेरियस’ जहाजाला मात्र इटलीनेही बंदर दिलं नाही आणि माल्टानेही. ते शेवटी स्पेनला गेलं.

माझी लेक त्याच देशात परकी म्हणूनच गेली, पण विमानाने, हातात कागद घेऊन. मी त्याच पाण्यात हौसेने उतरले, शिडी धरून, आणि बोट माझी वाट बघत उभी होती. मग तिथे पोहायला नको होतं का? मला तसं वाटत नाही. पाण्याचा काही गुन्हा नाही. त्या दिवशीचा आनंद खरा होता. पण ज्याला तो मिळाला, त्याने शेकोटीची गोष्टही लक्षात ठेवायची. आपल्या गावात आलेल्या परक्याचा कागद आधी बघायचा की त्याला आधी पाणी द्यायचं, हा प्रश्न काही फक्त माल्टाचा नाही.

बायकांना मी सांगितलं, भीती जायला माल्टाला जावं लागत नाही. येत्या मे महिन्यात मी गावी जाणार आहे. आमच्या वाडीतल्या पायऱ्यांच्या विहिरीवर सकाळी दोन तास बायका-मुलींसाठी ठेवायला मोहल्ल्यातले लोक तयार झाले आहेत. सुक्या भोपळ्याच्या जागी आता प्लास्टिकचे रिकामे कॅन चालतात. पुण्याच्या बॅचला शिकवणाऱ्या बाई आठवडाभर यायला राजी आहेत. भाचीची नऊ वर्षांची मुलगी पहिलं नाव देऊन बसली आहे. दुसरं नाव तिच्या आजीचं, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचं. ती छप्पन्न वर्षांची आहे, आणि तिने आत्तापर्यंत मला फक्त पहिलाच प्रश्न विचारलाय: घालायचं काय?