खेळाचे शुद्धिपत्र

जुन्या मराठी पुस्तकांत, कधी आरंभी तर कधी अखेरीस, एक लहानसा कागद चिकटविलेला असे. त्यावर ‘शुद्धिपत्र’ असा मथळा आणि खाली तीन रकाने : पृष्ठ, अशुद्ध, शुद्ध. मुद्रिते तपासताना नजरेतून निसटलेल्या चुका त्यात प्रांजळपणे मांडलेल्या असत. चोखंदळ वाचक हाती लेखणी घेऊन आपली प्रत सुधारून घेई. बाकीचे वाचक त्या कागदाकडे ढुंकूनही पाहत नसत. पुस्तक विकले गेले तरी कर्त्याची त्याच्यावरील जबाबदारी सरलेली नाही, एवढे मात्र तो कागद सांगून जाई.

शुद्धिपत्राची ही रीत आज सर्वांत जोमाने दिसते ती एका अनपेक्षित ठिकाणी. दूरचित्रवाणी संचाला जोडून ज्या यंत्रावर खेळ खेळले जातात त्याला कन्सोल म्हणतात. कन्सोलवरील खेळ बाजारात आल्यानंतर त्यातील दोष काढण्यासाठी निर्माते इंटरनेटवरून जो दुरुस्तीचा भाग पाठवितात, त्याचे नाव ‘पॅच’ किंवा ‘अपडेट’. पॅच म्हणजे सरळ मराठीत ठिगळ. आपल्याकडे ठिगळाला दारिद्र्याची खूण समजून लपविण्याची प्रथा आहे. खेळांच्या जगात मात्र कोणते ठिगळ कोठे लावले, याची यादी निर्माते स्वतःच प्रसिद्ध करतात आणि खेळाडू ती परीक्षेच्या निकालासारखी वाचतात.

१९९० च्या दशकात भारतीय घरांत आलेल्या व्हिडिओ गेमना ही सोय नव्हती. खेळ प्लॅस्टिकच्या जाड डबीत बंद असे. मुले तिला ‘कॅसेट’ म्हणत. कॅसेट चालेनाशी झाली की तिच्या तोंडाशी फुंकर मारून ती पुन्हा यंत्रात बसवायची, एवढीच दुरुस्ती त्यांच्या हाती होती. आत राहून गेलेली चूक त्या कॅसेटला जन्मभर चिकटलेली राही. पुढे डिस्क आली, यंत्रात साठवणुकीची जागा आली आणि यंत्र इंटरनेटला जोडले गेले. भारतात एक्सबॉक्स ३६० हे यंत्र २००६ मध्ये आणि प्लेस्टेशन ३ हे २००७ मध्ये विक्रीस आले. विकलेला खेळ ग्राहकाच्या घरी बसल्या जागी सुधारणे आता शक्य झाले. सोय झाली, तशी सवयही लागली. डिस्कचा साचा कारखान्यात गेल्यापासून ती दुकानात पोहोचेपर्यंत काही आठवडे जातात. त्या काळात निर्माते चुका शोधतच राहतात आणि विक्रीच्या पहिल्याच दिवशी ग्राहकाला डिस्कबरोबर एक भलेमोठे ठिगळही उतरवून घ्यावे लागते. अर्धकच्चा भात पानात वाढावा आणि वाफ मागाहून येईल असे सांगावे, तसा हा प्रकार कधीकधी होतो.

डावपेचांच्या खेळांना अशा दुरुस्तीची गरज विशेष पडते. धावण्याच्या किंवा नेमबाजीच्या खेळातील चूक बहुधा डोळ्यांना दिसते. माणूस भिंतीतून आरपार गेला की लहान मूलही हसते. डावपेचांच्या खेळातील चूक हिशेबात दडलेली असते. धान्य, लाकूड आणि सोने जमवायचे, त्यातून घरे आणि सैन्य उभारायचे, शत्रूवर मात करायची, अशी त्यांची रचना. एखादा सैनिक नेमका किती सोन्याला मिळावा, हे आकडे निर्मात्यांनी कितीही पारखून ठरविले तरी हजारो खेळाडू खेळू लागल्यावरच कोणती सत्ता अकारण बलाढ्य ठरली आणि कोणती उगाच दुबळी राहिली ते उघड होते. मग एकाची किंमत वाढते, दुसऱ्याची ढाल जाड होते. व्याकरण तेच राहते, पण शब्दांचे वजन बदलते.

या दुरुस्त्यांच्या फेऱ्यात खुद्द दिल्लीही सापडली आहे. ‘एज ऑफ एम्पायर्स’ ही डावपेचांच्या खेळांची नामांकित मालिका. तिचा चौथा खेळ २८ ऑक्टोबर २०२१ रोजी प्रथम संगणकासाठी प्रसिद्ध झाला. त्यात आरंभापासूनच्या आठ सत्तांपैकी एक होती दिल्लीची सल्तनत. इतर सत्तांना प्रत्येक नव्या विद्येसाठी धान्य आणि सोने मोजावे लागते. दिल्लीला विद्या विनामूल्य मिळते, मात्र ती फार सावकाश येते. मशिदीत विद्वान आणून बसविले की तिची गती वाढते. १२५८ मध्ये मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केल्यावर अनेक पंडितांनी दिल्लीचा आश्रय घेतला, त्या इतिहासाचे हे खेळातील रूप म्हणता येईल. धीर हवा, ही अट मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्याला फारशी अनोळखी वाटू नये.

अशी कल्पक रचना असूनही दिल्ली घेऊन खेळणाऱ्यांच्या वाट्याला आरंभी निराशाच आली. मिळविलेल्या काही विद्या पडद्यावर लिहिलेला परिणाम प्रत्यक्षात घडवीतच नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. खेळाडूने वेळ घालवावा, विद्वान बसवावेत, विद्या पूर्ण झाल्याची खूण दिसावी आणि रणांगणावर तिचा मागमूसही नसावा! खेळाडूंनीच प्रयोग करून, एकेक विद्या पडताळून दोषांच्या याद्या तयार केल्या. निर्मात्यांनी त्या मनावर घेतल्या आणि पुढच्या महिन्यांतील अपडेटमधून दिल्लीच्या दुरुस्त्या होत गेल्या. हाच खेळ २२ ऑगस्ट २०२३ रोजी एक्सबॉक्स कन्सोलवर आला, तेव्हा त्या यंत्रावरच्या खेळाडूला सुधारलेली दिल्ली मिळाली. माउस सोडून हातातल्या नियंत्रकाच्या मोजक्या बटनांवर हा पसारा चालावा म्हणून खेड्यातील माणसांना कामे आपोआप वाटून देणारी नवी व्यवस्थाही त्यात बसविण्यात आली. कन्सोलवरचे ठिगळ मात्र शिवले की लगेच लावता येत नाही. यंत्राची मालक कंपनी आधी ते तपासते, मगच ते घरोघर जाते. मायक्रोसॉफ्ट तर ठरावीक मर्यादेपुढील दुरुस्त्यांसाठी निर्मात्यांकडून शुल्कही घेत असे. ते २०१३ मध्ये बंद झाले. चूक सुधारण्यासाठी पैसे मोजावे लागले तर चूक तशीच ठेवण्याचा मोह कोणाला होणार नाही?

अपडेटने कधी आकडे सुधारतात, कधी नावे. याच मालिकेच्या दुसऱ्या खेळात २०१३ पासून ‘इंडियन्स’ नावाची एकच सत्ता होती. तामिळ आरमार काय, बंगालचे नौदल काय, गुर्जरांचे घोडदळ काय, सारे त्या एका नावात कोंबलेले. एप्रिल २०२२ मध्ये तिचे नाव ‘हिंदुस्तानी’ असे झाले आणि बंगाली, द्रविड व गुर्जर अशा तीन निराळ्या सत्ता आल्या. दूरदेशीच्या कारागिरांना हा देश एकरंगी नाही हे उमगायला नऊ वर्षे लागली. तरी उमगले, हे बरेच. नव्या तीन सत्ता विकत घ्याव्या लागतात, ही त्यातील ग्यानबाची मेख!

चुकीची ख्याती मात्र चुकीहून दीर्घायुषी असते. १९९१ च्या ‘सिव्हिलायझेशन’ या खेळात महात्मा गांधींची आक्रमकता एका हिशेबी दोषामुळे शून्याखाली घसरून एकदम २५५ वर जाई आणि ते अणुबाँब टाकू लागत, अशी कथा जगभर पसरली. खेळाचे निर्माते सिड मायर यांनी २०२० मध्ये आपल्या आत्मकथनात असा दोष मुळात नव्हताच, असे स्पष्ट केले. तरीही ती गोष्ट सांगणारे आजही भेटतात. नसलेल्या चुकीला ठिगळ कोठे लावणार?

बदलत्या नियमांचा जाच खेळणाऱ्यालाही होतो. महिनाभर घासून पक्की केलेली चाल एका सकाळी निकामी होते. हे दुःख नवे नाही. बुद्धिबळात वजीर एके काळी तिरपे एकच घर चालत असे; युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस तो आजच्यासारखा पटभर फिरू लागला. भारतात जुन्या रीती विसाव्या शतकापर्यंत टिकल्या. पंजाबातील मीर सुलतान खान याच देशी रीतीवर वाढले. प्याद्याला पहिल्या खेळीत दोन घरे चालण्याची मुभा तीत नव्हती. पाश्चात्त्य नियम त्यांनी तरुणपणी नव्याने आत्मसात केले आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदे जिंकली. त्यांच्यासारखे विरळाच, पण अंगवळणी पडलेले विसरून नवे शिकण्याचे कष्ट कन्सोलवरच्या साध्या खेळाडूलाही चुकत नाहीत. सुलतान खानांना निदान दोन्ही रीतींपैकी कोणती खेळायची हे ठाऊक तरी होते. आजच्या खेळाडूला विचारले जात नाही. इतरांबरोबर डाव मांडायचा तर सर्वांकडे एकच आवृत्ती असावी लागते. अपडेट नाकारणाऱ्याला पंगतीतून उठावे लागते.

खरा पेच येथे आहे. अपडेट पोहोचते कोणाकडे? २००४ च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँडचा किमान वेग सेकंदाला २५६ किलोबिट असा धरला होता. त्या वेगाने एक जीबीचे ठिगळ उतरवायला पावणेनऊ तास लागतील. २०२३ मध्ये ही किमान मर्यादा २ मेगाबिट झाली. तेच काम तास-सव्वातासावर आले. नोएडा-गुरुग्रामच्या उंच इमारतींत याच्या कितीतरी पट वेगाने इंटरनेट येते आणि मुले चहा होईपर्यंत कित्येक जीबी उतरवून मोकळी होतात. मात्र त्याच राजधानी परिसरात लक्ष्मीनगरच्या भाड्याच्या खोलीत चौघांत मिळून एक कन्सोल घेणारी मुलेही आहेत. कॅनॉट प्लेसखालच्या पालिका बाजारातून घासाघीस करून जुनी डिस्क आणायची आणि मोबाइलच्या दिवसाला दीड-दोन जीबीच्या मर्यादेवर तिची शुद्धिपत्रे उतरवायची, हे गणित जुळत नाही. मग ती डिस्कवर आहे तोच, चुकांसह असलेला खेळ खेळत राहतात. पैसे दोघांनीही मोजलेले असतात. एकाला सुधारलेला खेळ मिळतो, दुसऱ्याला कच्चा खर्डा. नई सडकेवर निम्म्या किमतीत घेतलेल्या जुन्या पाठ्यपुस्तकात मागच्या आवृत्तीतली चूक तशीच असते आणि ती पाठ करणाऱ्या मुलाला कोणी सांगत नाही, त्यातलाच हा प्रकार. जी वस्तू विकल्यानंतर पुरी होते, तिची पूर्तता ग्राहकाच्या खर्चाने का व्हावी, हा प्रश्न निर्मात्यांना विचारायला हवा. महत्त्वाच्या दुरुस्त्या लहान आकारात, वेगळ्या काढून देणे त्यांना अगदीच अशक्य आहे असे नाही.

आणखी एक गोष्ट खटकते. अपडेट आले की जुनी आवृत्ती पुसली जाते. २०२१ ची दोषपूर्ण दिल्ली आज कोणाला पाहायची असेल तर ती सहजासहजी सापडणार नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात हा खेळ प्लेस्टेशन ५ वर आला आणि त्याच वेळी तुघलक घराणे ही नवी सत्ता विकत मिळू लागली. ती नव्याने घेणाऱ्याला दिल्ली कधी अडखळत होती, याची कल्पनाही येणार नाही.

खेळातील दिल्लीला एक विजयस्तंभ बांधता येतो. त्याच्याजवळून गेलेल्या पायदळाचे हात वेगाने चालू लागतात. त्याच्याकडे पाहून मेहरौलीच्या कुतुबमिनाराची आठवण न होणे कठीण. त्या खऱ्या मिनाराची डागडुजी मात्र कोणी पुसलेली नाही. १३६८ मध्ये वीज पडून त्याचा माथा ढासळला, तेव्हा फिरोजशाह तुघलकाने वर दोन मजले चढविले. खालच्या तांबड्या दगडावर त्यांतील पांढरा संगमरवर दुरूनही वेगळा ओळखू येतो. पुढे सिकंदर लोदीनेही दुरुस्ती केली. १ सप्टेंबर १८०३ च्या भूकंपात मिनाराला पुन्हा तडाखा बसला. त्या वेळी दिल्लीवर शिंद्यांचा अंमल होता आणि दहाच दिवसांनी पटपडगंजच्या लढाईत ती इंग्रजांच्या हाती गेली. त्यामुळे दुरुस्ती मेजर रॉबर्ट स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या वाट्याला आली. त्याने १८२८ च्या सुमारास मिनारावर आपल्या आवडीची एक छत्री बसविली. ती कोणालाच शोभेना. अखेर १८४८ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंग यांच्या आदेशाने ती उतरविण्यात आली. उतरविली, पण मोडली नाही. ‘स्मिथचा वेडेपणा’ या नावाने ओळखली जाणारी ती छत्री मिनाराच्या आवारातील हिरवळीवर आजही उभी आहे.