येवल्याची आसारी

येवले म्हटले की आपल्या माणसाला १३ ऑक्टोबर १९३५ ही तारीख आठवते. आपण हिंदू म्हणून मरणार नाही, हे परमपूज्य बाबासाहेबांनी याच गावच्या परिषदेत जाहीर केले. दरवर्षी त्या दिवशी मुक्तिभूमीवर जनसागर लोटतो. वंदन होते, भाषणे होतात आणि मंडळी एस.टी. पकडून परत फिरतात. गाव पाहायचे राहूनच जाते. पैठणीचे माग तेवढे ऐकून माहीत असतात.

माझे म्हणणे असे की, एकदा मुलाबाळांना घेऊन जानेवारीत येवल्याला जावे. नाशिकहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने, विंचूरच्या पुढे. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस हे गाव जमिनीवर राहतच नाही. म्हातारेकोतारे, लेकीसुना सगळे गच्चीवर. हलकडी वाजत असते आणि पतंग कापला की ‘वकाट’ अशी आरोळी उठते. मुंबईत जिला फिरकी आणि नागपूरला चक्री म्हणतात, ती इथे आसारी. मधे दांडा आणि त्याच्याभोवती बांबूच्या पात्यांचा पिंजरा. हातात घेतली तर फुलासारखी हलकी, पण ओढ्याताणीत दबत नाही.

बांबूचे हे काम बुरूड कारागिराचे. सूप, टोपली, डालगे विणणारे हेच हात. बांबू कुठे चिरायचा, पाठ कुठे ठेवायची आणि पोट कुठे तासायचे, हे त्यांना डोळे मिटून कळते. गावगाड्याने या कसबाला जात चिकटवली, पण किंमत कधी दिली नाही. म्हणून सांगतो, आसारी विकत घेतलीत तर घासाघीस करू नका.

आमच्या लहानपणी गावाकडे आपली पोरे आसारी धरायला जात. पतंग त्यांचा, मांजा त्यांचा, गच्चीही त्यांचीच. आपल्या पोराने पाठीमागे उभे राहून फक्त धरायचे. आता हे काम काही हलके नव्हे. ढील देताना आसारी अडली की पतंग गेलाच. खेच घेताना दोरा चटचट गुंडाळला नाही तर पायाशी गुंता होतो. निम्मे कसब धरणाऱ्याचे, पण ‘वकाट’ ओरडायचा मान उडवणाऱ्याचा! पोरगे दिवसभर उभे राहायचे आणि संध्याकाळी तुटका दोरा घेऊन घरी यायचे. म्हणून मला वाटते, आपल्या घरात आसारी आपली असावी, आणि बहीण-भावांनी ती आळीपाळीने धरावी.

घरी करणे मुळीच अवघड नाही. जाड पुठ्ठ्याचे तीन-तीन थर चिकटवून किंवा पातळ प्लायवूडच्या दोन चकत्या घ्याव्यात. कंपासमध्ये तीन इंच अंतर धरून वर्तुळ काढावे आणि तेच अंतर कडेवर टप्प्याटप्प्याने मोजत जावे. बरोबर सहा खुणा होतात. शाळेतली भूमिती अशी कामाला येते. खुणांवर खाचा पाडून सहा कामट्या बसवाव्यात. कामटीची गुळगुळीत पाठ बाहेर हवी आणि कडा काचपेपरने घासलेल्या हव्यात, नाहीतर दोरा कातरतो. मधून दांडा घालून तो चकत्यांना पक्का चिकटवावा. चकत्यांच्या बाहेर मूठभर दांडा दोन्हीकडे राहू द्यावा आणि टोकांवर मेणबत्ती चोळावी, म्हणजे हातात सरसर फिरते.

माझ्यातला कारकून हिशेब केल्याशिवाय राहत नाही. या आसारीच्या एका फेऱ्यात दीड फूट दोरा बसतो. हजार फुटांना पावणेसातशेच्या आत फेरे. इंचभर जाडीच्या साध्या काठीवर तोच दोरा गुंडाळायचा तर चार हजारांच्या आसपास फेरे होतात. तोवर कापलेला पतंग पलीकडच्या वाडीत पोहोचलेला असतो.

आता कोणी म्हणेल, संक्रांत आपली का? प्रश्न रास्त आहे, टाळू नये. वाणवसा, सुगडाची पूजा आपल्याला नको. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात ते शोभत नाही. पण वारा कोणत्या धर्माचा? पतंग उडवायला मंत्र लागत नाही, भटजी लागत नाही. मुलांना घरात कोंडून ठेवले तर ती चोरून दुसऱ्याच्या गच्चीवर जातील आणि पुन्हा धरणारीच होतील. त्यापेक्षा आदल्या रविवारी विहाराच्या अंगणात वंदना झाल्यावर आसाऱ्या करायला बसवावे. हा कार्यक्रम मंडळाला परवडतो. कामट्या, पुठ्ठा आणि सरस एवढाच खर्च.

एका गोष्टीत मात्र सवलत नाही. नायलॉनचा मांजा घरात आणायचा नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर त्यावर बंदी घातली, तरी तो चोरून विकला जातो. तो तुटत नाही, कुजत नाही, झाडावर महिनोन्‌महिने लटकतो. पाखरांचे पंख आणि मोटारसायकलवाल्यांचे गळे कापतो. पंचशीलातले पहिले शील रोज म्हणायचे आणि आसारीवर हा फास गुंडाळायचा, हे कसे चालेल? साधा सुती दोरा घ्यावा. पतंग दोन जास्त कापले जातील, जाऊ द्यात.

येवल्याला निघालात तर सकाळी आधी मुक्तिभूमीवर जा. ऊन चढले की वारा धरतो, तेव्हा गावात शिरा. मुलांना आसारीच्या दुकानापुढे थोडा वेळ उभे राहू द्या. कामटी कशी बसवली आहे, ते त्यांना बघू द्या. घरी आणलेली असो की केलेली, कर संपली की दोरा उतरवून ती कोरड्या जागी टांगून ठेवावी. ओल लागली की पावसाळ्यात बांबू किडतो.