पगारपत्रकावरची सही

महाराष्ट्रातील अनुदानित खाजगी शाळेत जागा आणि इमारत संस्थेची असते, पगार शासनाचा असतो आणि या दोहोंच्या मधोमध मुख्याध्यापक उभा असतो. त्याला नेमते संस्था, त्याच्या नेमणुकीला मान्यता देतो शिक्षणाधिकारी, आणि दरमहा शाळेचे वेतन देयक, म्हणजे शासनाकडे पाठवायचे पगाराचे बिल, शालार्थ या संगणकीय प्रणालीत तयार करून घेण्याची जबाबदारी त्याची असते. त्या देयकात शिक्षक, लिपिक, शिपाई यांच्याबरोबर त्याचे स्वतःचेही नाव असते. त्याच्या सहीने ते जिल्ह्याच्या वेतन पथकाकडे जाते आणि तेथील तपासणीनंतर पैसे खात्यावर जमा होतात. सार्वजनिक पैसा खाजगी संस्थेत शिरतो तो मुख्यत्वे या एका कागदावरून. म्हणून अनुदानाचा विचार करू पाहणाऱ्याने धोरणाच्या भाषणांपेक्षा या सहीकडे अधिक लक्ष द्यावे.

अनुदानाची ही कल्पना १८५४च्या वुडच्या खलित्यातून आली. सरकारने स्वतः सगळ्या शाळा काढण्याऐवजी लोकांनी काढलेल्या शाळांना तपासणीच्या अटीवर मदत द्यावी, हा तिचा गाभा. त्यात लोकसहभागाचा आदर जितका होता, तितकाच सरकारी तिजोरीचा बचावही होता. मुंबई इलाख्यात काही काळ हे अनुदान निकालावर मिळे, म्हणजे तपासनिसाने घेतलेल्या परीक्षेत जितकी मुले उत्तीर्ण होतील तितकी रक्कम शाळेच्या पदरात पडे. १८८२मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले, त्याचा रोख नेमका या पैशाच्या वाटेवर होता: महसूल कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, तेव्हा सरकारने आधी प्राथमिक शिक्षण हाती घ्यावे. आयोगाने मात्र माध्यमिक आणि उच्च शिक्षण हळूहळू खाजगी संस्थांकडे सोपवावे, असाच कौल दिला, आणि महाराष्ट्राचे माध्यमिक शिक्षण आजही बव्हंशी त्या कौलाच्या सावलीत चालते.

त्या काळच्या संस्थाचालकांनी पगाराचा प्रश्न त्यागाने सोडवू पाहिला. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी, म्हणजे वीस वर्षे संस्थेला वाहून घेणाऱ्या अध्यापकांनी, दरमहा ७५ रुपयांवर काम करावे असे ठरले होते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी ती अट पाळली. परंतु वेतन वाढावे काय, बाहेरची कमाई चालेल काय, यावरून तेथेही वाद झालेच, आणि १८९०मध्ये टिळकांनी राजीनामा दिला त्यामागे हा वाद एक महत्त्वाचे कारण होता. त्यागावर उभारलेली संस्था एका पिढीपुरती चालते, पुढच्या पिढीला वेतनश्रेणी लागते, हे त्या भांडणातून दिसते. त्याबद्दल पुढच्या पिढीला दोष देण्याचे कारण नाही. उलट अनुदान देणाऱ्याचा हात किती लांब पोहोचतो, हे १९४८मध्ये रयत शिक्षण संस्थेला कळले: कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या टीकेने रुष्ट झालेल्या मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले, आणि ते पुन्हा सुरू व्हावे म्हणून गाडगेबाबांना मध्यस्थी करावी लागली.

स्वातंत्र्यानंतर मान्यताप्राप्त पदांचा पूर्ण पगार शासनाने देण्याची पद्धत रुळली, आणि १९७७चा खाजगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती अधिनियम व १९८१ची त्याची नियमावली यांनी नोकरीला कायद्याचे कवच दिले. संस्थाचालकाच्या मर्जीवर शिक्षक घरी जाण्याचे दिवस त्याने संपवले, ही त्याची मोठी कमाई. मुख्याध्यापकपदही त्याने सेवाज्येष्ठतेला बांधले; अपवाद ठेवला तो अल्पसंख्याक संस्थांचा, ज्यांना राज्यघटनेच्या ३०व्या अनुच्छेदामुळे आपला शाळाप्रमुख निवडण्याची मोकळीक आहे. याच नियमांनी मुख्याध्यापकाला शाळा समितीचा पदसिद्ध सचिव केले, म्हणजे ज्या संस्थाचालकांच्या बैठकीचे इतिवृत्त तो लिहितो, तेच त्याचा गोपनीय अहवालही लिहितात. शासनाच्या पैशाचा हिशेब देणारा माणूस असा संस्थेच्या मेहेरबानीवर राहतो, ही या कायद्यातली फट आहे आणि ती सहज राहून गेलेली नसावी, असे मानायला जागा आहे.

पगाराच्या बाजूने पाहिले तर शासन मुख्याध्यापकाच्या कारभाराला किती मोल देते, ते उघड होते. बारा वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ आणि चोवीस वर्षांनंतर निवड वेतनश्रेणी मिळवलेला सहशिक्षक आणि त्याच्या शेजारच्या खोलीतला मुख्याध्यापक यांच्या पगारात नाव घेण्याजोगे अंतर अनेकदा राहत नाही, आणि कामात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर असते. सकाळी शालेय पोषण आहाराचा तांदूळ मोजून नोंदवहीत उतरवणे, दुपारी आधार क्रमांक न जुळलेल्या मुलांची माहिती पुन्हा भरणे, संध्याकाळी कुणाच्या वैद्यकीय देयकाची त्रुटी दूर करून पथकाकडे हेलपाटा घालणे, यातच त्याचा दिवस जातो. वर्गात डोकवायला सवड मिळाली तर ती त्याची चैन. शाळा चालवणे हे वेगळे कौशल्य आहे, त्याला वेगळे प्रशिक्षण आणि वेगळा मोबदला हवा, ही गोष्ट वेतनश्रेणीने कधी मनावर घेतलीच नाही. तिने फक्त वय मोजले.

त्यातही पद टिकते ते पटावर. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार प्राथमिक वर्गांत दीडशेहून अधिक आणि उच्च प्राथमिक वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील, तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे विद्यार्थिसंख्येवरून पदे ठरवणाऱ्या वार्षिक मंजुरीत, पद जाते. काम जात नाही, ते कुणा प्रभारी शिक्षकाच्या गळ्यात पडते. मग पट मोजणारा आणि पटावर ज्याचे पद अवलंबून आहे तो, हे दोघे एकच ठरतात. ऑक्टोबर २०११मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी करावी लागली आणि हजेरीपटावर असलेली पण वर्गात नसलेली मुले उघड झाली, तेव्हा नैतिक अधःपाताची चर्चा पुष्कळ झाली. या रचनेची चर्चा त्या मानाने थोडी झाली.

इमारत, वीज, खडू, प्रयोगशाळा यांसाठीचे वेतनेतर अनुदान तुटपुंजे आणि बेभरवशाचे राहिल्याने संस्थेच्या हाती विकण्याजोगी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे नेमणूक. पगार शासनाचा, पण त्या पगारापर्यंत नेणारी किल्ली संस्थेची, अशी विभागणी झाल्यावर ‘डोनेशन’ हा शब्द पालकांपेक्षा डी.एड., बी.एड. झालेल्या उमेदवारांच्या घरी अधिक धास्तीने उच्चारला जाऊ लागला. पवित्र पोर्टलने शिक्षकभरतीत गुणवत्तेची चाळणी आणली, तरी जुन्या तारखांचे प्रस्ताव आणि मागच्या दाराच्या मान्यता यांचा बाजार संपला नाही. २०२५मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडीचे प्रकरण उघडकीस आले आणि शिक्षण खात्यातील अधिकाऱ्यांना अटक झाली. त्याची सुरुवातच बनावट कागदपत्रांवर मुख्याध्यापकपद मिळाल्याच्या आरोपातून झाली होती. देयकावर ज्याची सही खरी मानायची, त्याचे पदच खोटे असल्याचा तो आरोप होता.

दुसऱ्या टोकाला विनाअनुदानित शाळा आहेत. २००१नंतर ‘कायम विनाअनुदानित’ या अटीवर परवानग्या वाटल्या गेल्या, २००९मध्ये त्यातला ‘कायम’ वगळला गेला, आणि २०१६पासून पात्र शाळांना वीस टक्क्यांनी सुरुवात करून टप्प्याटप्प्याने अनुदान मिळू लागले. टप्पा वाढावा म्हणून आझाद मैदानावर बसणाऱ्यांत मुख्याध्यापकही असतात, कारण वीस टक्के अनुदानाच्या शाळेत त्यांच्याही पगाराचा पाचवा हिस्साच शासन देते आणि उरलेला संस्थेने द्यायचा असतो, जो बहुतेक ठिकाणी कागदावरच राहतो. १९७७चा अधिनियम अनुदान न घेणाऱ्या मान्यताप्राप्त खाजगी शाळांनाही लागू आहे आणि त्याच्या नियमावलीतील वेतनश्रेणी त्यांच्यावरही बंधनकारक आहे. मात्र तेथील देयक कोणत्याही वेतन पथकाकडे जात नसल्याने ती श्रेणी प्रत्यक्षात दिली जाते की नाही, हे दरमहा पाहणारे शासकीय टेबलच नाही. शहरातील भरमसाठ फीच्या शाळेचा प्राचार्य आणि तालुक्याच्या गावातील विनाअनुदानित शाळेचा मुख्याध्यापक एकाच कायद्याखाली येतात. पहिल्याचा पगार बाजार ठरवतो आणि दुसऱ्याचा संस्थाचालक, महिनाअखेरीस खिशात काय उरले ते पाहून.